खड्ड्यात दुखलं का?

पोट धरून आलेल्या माणसाला विमलताईंचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "येताना गाडी खड्ड्यात आदळली तेव्हा दुखलं का?" धक्क्याने कळ उठली तर पोटात आत सूज आहे, असा त्यांचा हिशोब. जुन्नरच्या रस्त्यांचा असा उपयोग दुसऱ्या कुणी केला नसेल. कापडवाल्या जैन घरातली ही मुलगी सर्जन होऊन गावातच परतली होती.

मी भाजीचा व्यापारी, पाटी डोक्यावर घेऊन सुरुवात केलेला. तरुणपणी शहरातल्या एका डॉक्टरने अपेंडिक्स म्हणून माझं पोट कापलं. दुखणं तसंच राहिलं. पुढे निघाला मुतखडा. काय काढलं म्हणून विचारायला गेलो, तर शिपायाकरवी मला हाकललं. तेव्हापासून डॉक्टर म्हटलं की माझं डोकं फिरे.

माझी लेक सुमन पोटदुखीने वाकडी झाली, तेव्हा डिंगोऱ्याहून तिला जीपमधून आणलं. "परतेक खड्ड्याला जीव जात व्हता," ती ताईंना म्हणाली. दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलं होतं, जेवण नकोसं झालं होतं. ताईंनी पोटाची डावी बाजू दाबली. कळ उजवीकडे उठली.

"अपेंडिक्स आहे. आजच काढायचं."

मी सोनोग्राफीचा रिपोर्ट पुढे केला. "यात तर काय न्हाई. मग कापता कशाला?"

"जेवण कागदाला नको झालंय की पोरीला?"

"दोन दिस औषधावर बघू की, ताई."

"टोमॅटो आहे का भाऊ, भाव चढेल म्हणून ठेवायला? हे फुटतं."

मी सदरा वर करून व्रण दाखवला. "माझंबी असंच बोलून कापलं व्हतं."

"काढलेलं दाखवलं होतं तुम्हाला?"

"न्हाई."

"मी दाखवीन. चांगलं निघालं तर तुमच्यासमोर चुकले म्हणेन. बाजारात सांगा हवं तर."

असा सौदा माझ्याशी कुणी केला नव्हता. मी हो म्हणालो.

ऑपरेशन झाल्यावर ताई ट्रे घेऊन बाहेर आल्या. करंगळीएवढा तुकडा, सुजून लालभडक, टोकाला पू. "नीट बघा," त्या म्हणाल्या. "आता भांडा."

पण पोटदुखी घेऊन आलेला पिंपरी पेंढारचा एक बागायतदार "अपेंडिक्स काढूनच टाका" म्हणून अडून बसला, तर त्याला ठेवून घेऊन त्यांनी पुन्हा पुन्हा तपासलं आणि न कापता बरा करून घरी धाडलं. म्हणायच्या, "शंका असली की मी खुर्ची जवळ ओढते, सुरी नाही."

ताई आता नाहीत. शहरातल्या त्या डॉक्टरला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं की मी आधी विचारतो, "काढलेलं दाखवाल ना?" जो चिडतो, त्याच्या दारातून पेशंट उठवतो आणि दुसरं दार गाठतो. घरचे म्हणतात, तापट आहे.

असू दे.