चिल्हार रस्त्यावरची इंग्रजी मालिका

मी एका बाईची नोकरी घालवली. तीही एका इंग्रजी विनोदापायी, जो मला स्वतःला कळलेला नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बोईसरला आमच्या इमारतीत केबल आली. मी कारखान्यात दुसऱ्या पाळीला जायचो, त्यामुळे सकाळ मोकळी. बायको शाळेत शिकवायला गेली की घरात मी आणि टीव्ही. त्यावर एक जुनी अमेरिकन मालिका लागायची. हमरस्त्यावरचं हॉटेल आणि तिथे वाढणाऱ्या तीन बायका. कुणीतरी गिऱ्हाईक कुरकुर करायचं, तिघींपैकी एक कमरेवर हात ठेवून फाडकन काहीतरी बोलायची आणि न दिसणारी शंभर माणसं हसायची. ती हसली की मीही हसायचो. बाई काय बोलली ते दहात दोनदा कळायचं. इंग्रजी मला येत होतं, पण ते कारखान्यातल्या ड्रमांवरचं: हातमोजे घाला, डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवा.

दुपारी जेवायला मी चिल्हार रस्त्यावरच्या एका हॉटेलात जायचो. बाहेर ट्रक उभे, आत सहा टेबलं. मालक मासवणकडचा, अंगाने आडवा आणि मनाने भित्रा. एक म्हातारी मावशी चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापायची आणि वाढायला एक तिशीतली ताई होती, किनाऱ्यावरच्या मासेमारांच्या घरातली. त्या रस्त्यावर तेव्हा बाई वाढायला असणं नवलाचंच होतं. मालकाला ती मासळीच्या पारखेसाठी हवी होती. तिला ही नोकरी हवी होती पावसाळ्यासाठी. जूनमध्ये होड्या वर ओढल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत नवरा घरी बसणार. तेवढे महिने चूल या हॉटेलावर पेटणार. हे तिनेच मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

मी तिला रोज सकाळचा भाग सांगू लागलो. जे कळलं नाही ते पदरचं घालून सांगायचो, आणि कळलेलं फार थोडं असल्यामुळे मालिका बहुतेक माझीच असायची. माझ्या अमेरिकेत वाढणाऱ्या बायका मालकाला झाडणीने बदडत. मावशी भाकरी थापता थापता हसायची. ताई वरण वाढता वाढता विचारायची, "मग काय बोलली ती त्याला?"

एकदा सकाळच्या भागात एका गिऱ्हाइकाने ताट परत केलं. बाईने त्यावर जे काही ऐकवलं त्याला इतकं हसू उसळलं की पुढचं मिनिटभर कुणाला बोलता येईना. मला एक शब्द कळला नाही. पण दुपारी सांगायचं तर होतं. मग बोईसरच्या मासळीबाजारात एका म्हातारीने एका चिकित्सक गिऱ्हाइकाला ऐकवलेलं वाक्य मला आठवलं, ते मी सरळ त्या अमेरिकन बाईच्या तोंडी घातलं. "मासा आज पहाटे मेलाय. तुमी कवा मेलात?"

ताई टेबल पुसायची थांबली. "बाजारात बसनारी आमची मावळण असंच बोलते," ती म्हणाली. "तिकडं पन आमच्यासारख्याच बाया हायत म्हना की."

मग मी तिला चढवायला लागलो. तुम्ही का नाही बोलत असं? तसलं तोंड तर तुमच्या घरातच आहे. ती म्हणायची, टोपलीपुढं बसून बोलतात ते वेगळं. तिथं समोरच्याला ठाऊक असतं की ही बोलणार, तोही बोलतो आणि बोलून झालं की मासा घेऊन जातो. इथं ताट समोर असतं, इथं बोलू नये. हे तिला न शिकता कळत होतं. मला शिकून कळलं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही बोला तर, पहिला मी हसेन."

मे संपत आला होता. एका दुपारी समोरच्या कारखान्यातले एक साहेब जेवायला आले. त्यांच्या कॅन्टीनला रोजचं जेवण कुणी पुरवायचं हे तेच ठरवणार होते, म्हणून मालकाने सकाळपासून सगळं हॉटेल धुऊन काढलं होतं, स्वतःचं धोतर तेवढं बदललं नव्हतं. साहेब माझ्याच टेबलावर बसले. हृदयाच्या दुखण्यातून उठून आठ दिवसांपूर्वीच ते मुंबईच्या इस्पितळातून घरी आले होते. हे सगळ्या औद्योगिक वसाहतीला ठाऊक होतं, मलाही होतं. तिला नव्हतं.

साहेबांनी दोन घास घेतले, ताट पुढे सारलं आणि म्हणाले, मासा शिळा आहे. औषधांनी त्यांच्या तोंडाची चव गेली असणार. पण मासेमाराच्या घरातल्या बाईला मासा शिळा म्हणणं म्हणजे काय, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तरी तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. आणि मी, चाळिशीला टेकलेला, बायकोमुलं असलेला, मी भुवया उडवल्या.

तिने कमरेवर हात ठेवला. "मासा आज पहाटे मेलाय, सायब. तुमी कवा मेलात?"

चुलीपाशी थापण्याचा आवाज थांबला. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मी हसायचं ठरलं होतं, आणि माझा चेहरा म्हणजे डोळ्यांत ते ड्रममधलं काहीतरी गेल्यासारखा. साहेब पांढरे पडून माझ्याकडे वळले. "ऐकलंत तुम्ही?" त्यांनी विचारलं.

मी ताटातल्या काट्याकडे बघत म्हणालो, "हो. जरा जास्तच बोलली."

मालकाने तिला त्याच दुपारी घरी पाठवलं, कायमची. मी हात धुतले आणि पाळीवर गेलो. मालकाला सांगायला चार पावलं जायचं होतं, वाक्य माझं आहे एवढंच सांगायचं होतं. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून मी डबा नेऊ लागलो. बायकोला वाटलं, नवरा सुधारला. घरी मी फर्मान काढलं की केबल वाईट, त्याने मुलं बिघडतात. पावसाळाभर दर सकाळी मला वाटायचं, तिच्या घरी जाऊन यावं. नारळी पौर्णिमा आली आणि पहिला विचार मनात काय आला, तर चला, आता जायला नको.

पुढल्या हिवाळ्यात पालघरच्या बाजारात ती दिसली. सुके बोंबील घेऊन बसली होती. मी आधी वाटाण्याची गाडी आणि एक फुगेवाला यांच्यामागे लपून पाहिलं, मग लाज वाटून पुढे झालो. घरात कुणी खात नसताना पिशवीभर बोंबील घेतले. मग सगळं सांगून टाकलं, की ते वाक्य मालिकेतलं नव्हतं, मी घातलं होतं, आणि साहेबांच्या दुखण्याचंही मला ठाऊक होतं. पावसाळा कसा काढला ते विचारलं. तिने पिशवीचं तोंड बांधून ती माझ्या हातात दिली.

"वाक्य आमचंच व्हतं, भाऊ, ते मला तवाच कळलं," ती म्हणाली. "बोलायचं ते मी बोलले. हसायचं तेवढं तुमच्याकडं व्हतं. तेबी तुमाला जमलं नाय."