अर्धी टीप

शिवणवाल्या आत्यांच्या हाताखाली ज्या ज्या बायका शिकल्या, त्यांना एक गोष्ट झोपेतून उठवलं तरी सांगता येते. टीप एकदा धरली की शेवटाला न्यायची. फोन वाजो, दारात गिऱ्हाईक येवो, पाय थांबवायचा नाही. मध्येच सोडलेली टीप आज ना उद्या उसवते आणि उसवली की नाव आपलं खराब होतं, असं आत्यांचं म्हणणं. देवाचं नाव घेतल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही आणि टीप संपल्याशिवाय हात काढायचा नाही, हे दोन नेम त्यांनी उभ्या आयुष्यात मोडले नव्हते.

दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली. भिंतीशी पायमशिनी, मधोमध कापड बेतायचं दणकट लाकडी टेबल आणि पार छतापर्यंत गेलेल्या फळ्यांवर कापडाचे तागे. एका मशीनवर आत्या, दुसरीवर त्यांची सून, तिसरीवर एक चष्मेवाली बाई. तिला सगळे रेडिओ म्हणत, कारण ती बंद होत नसे. गल्ल्यावर आत्यांचे यजमान, म्हणजे सगळ्यांचे आतोबा. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. आता गिऱ्हाइकांची थट्टा करणं एवढंच काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. सुनेला सातवा महिना लागलेला, त्यामुळे घरात सगळे जरा हवेतच होते.

त्या वर्षी जमिनीला अधूनमधून बारीक हादरे बसत होते. म्हणून अग्निशमन दलाचा एक जवान दुकानोदुकानी फिरून माहिती देत होता. तो आत आला, वर ताग्यांकडे पाहिलं आणि बोलण्याआधी चार पावलं बाजूला सरकला. जड तागे खालच्या फळीवर आणा, फळ्या भिंतीला स्क्रूने पक्क्या करा, बसायच्या जागेवरचा आरसा हलवा, असं त्याने सांगितलं. जमीन हलली की पळायचं नाही. टेबलाखाली शिरायचं, एका हाताने डोकं झाकायचं, दुसऱ्याने टेबलाचा पाय घट्ट धरायचा. हलणं थांबलं की इस्त्री बंद करून मैदानात जायचं. आत्या म्हणाल्या, मी सगळं देवावर सोपवलंय. त्यावर आतोबा म्हणाले, "देवाने टेबल दिलंय. आता तुला ढकलायलाही त्यानेच यायचं का?"

मग जवानाने सरावासाठी शिट्टी फुंकली. कोणी हललं नाही. तिन्ही मशिनी शांतपणे चालत राहिल्या. टिपा संपल्या, सुया वर आल्या, दोरे कापले गेले, कापडाच्या घड्या झाल्या आणि मग तिघी, आधी तुम्ही आधी तुम्ही करत टेबलाखाली गेल्या. तुम्ही आत पोचेपर्यंत भूकंपाची बातमी छापूनसुद्धा आली असती, असं म्हणून जवान निघून गेला. आत्या पोट धरून हसल्या. तागे मात्र त्यांनी त्याच दिवशी खाली घेतले, आतोबांनी फळ्यांना स्क्रू मारले.

पुढच्या आठवड्यात खरोखरच एक हादरा बसला. मोठा नव्हता. दिवा हेलकावला, खिळ्यावरच्या कात्र्या किणकिणल्या. आत्या तेव्हा खडू घेऊन टेबलापाशी उभ्या होत्या. त्या खाली बसल्या, रेडिओ त्यांच्याही आधी आत पोचली होती. टेबलाखालून आत्यांना समोर फक्त सुनेचे पाय दिसले. ते मशीन चालवत होते. हादरा संपला, कॉलर संपली, मग पाय थांबले.

आत्यांनी विचारलं तेव्हा ती अगदी साधेपणाने म्हणाली, "थोडीच राहिली होती, आई. अर्धी सोडायची नाही ना?"

आत्यांनी हातातला खडू खाली ठेवला. पोरीने आपलं इतकं मनापासून ऐकलं होतं की हादरा मोठा असता तर त्यात ती आणि पोटातलं बाळ दोघं गेली असती. संध्याकाळी देवापुढे बसल्या तेव्हा त्यांनी एकच मागितलं: माझ्या तोंडून जे तिच्या पायात गेलंय, ते काढायची युक्ती दे.

सकाळी नवा नियम झाला. आतोबांनी टाळी वाजवली की हातात काहीही असो, सोडायचं आणि टेबलाखाली जायचं. आतोबांना रान मोकळं मिळालं. कॉलर चालू असताना टाळी, चेन लावताना टाळी. एकदा माप द्यायला आलेले एक जाडजूड वकील गळ्यातल्या टेपसकट टेबलाखाली गेले आणि निघताना त्यांना ओढून काढावं लागलं. वाकड्या टिपांचा ढीग साठला. आत्या त्या उसवून पुन्हा घालत. जीव तुटायचा, पण नजर सुनेच्या पायावर असायची. आधी तो पाय टाळीनंतरही दोन टाके पुढे जायचा. मग एक. मग जागीच थांबायला लागला.

आणि एका दुपारी भरलेला ट्रक दारातूनच जातोय असा आवाज आला. खोली गदगदा हलली. सून टेबलाखाली, रेडिओ तिच्या मागे, आतोबा गल्ल्यावरून कधी सुटले ते कळलंच नाही. सगळे आत गेलेले पाहून आत्यांचा जीव भांड्यात पडला. हातात शाळेचा एक गणवेश होता, चार बोटं टीप उरली होती. त्यांचा पाय चालूच राहिला.

"आई, सोडा ती टीप."

आत्यांना ऐकू आलं, पण पाय ऐकेना.

"सोडा म्हणते ना. या आत."

या घरात आल्यापासून सुनेचा आवाज कधी चढला नव्हता. आत्यांनी गणवेश तसाच टाकला आणि गुडघ्यांवर रांगत आत गेल्या. सुनेने त्यांचं डोकं तळव्याने खाली दाबलं आणि टेबलाचा पाय त्यांच्या हातात दिला. आरसा फुटला, तागे घरंगळले, छताचा गिलावा टेबलावर धाडधाड पडला. थोडा आत्यांच्या स्टुलावरही पडला. रेडिओ चक्क गप्प होती.

हलणं थांबल्यावर आतोबांनी इस्त्री बंद केली आणि सगळे पलीकडच्या मैदानात गेले. मागून आणखी हादरे येतात म्हणून कोणी आत परतलं नाही. आत्या गवतावर बसल्या, केसांत पांढरी धूळ घेऊन. मनातल्या मनात देवाचे आभार मानून झाले, तेव्हा त्यांनी सुनेला विचारलं, बाळ हलतंय ना.

"लाथा मारतंय," सून म्हणाली. "आजीवर ओरडले म्हणून रागावलं असेल."

"त्याला म्हणावं, आजी अजून शिकतेय. आणि तू ओरडत जा. रोज ओरडलीस तरी चालेल."

"रोज नाही जमायचं, आई. जमीन हलली की ओरडेन."

आतोबा म्हणाले, मग घरात शांतता नांदणार. आत्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पदराने सुनेच्या कपाळावरची धूळ पुसायला घेतली.