तिसऱ्या जहाजाची टायपिस्ट

त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण अशा आठवणी लिहिताना शेवटी मन मोठं केल्याचं लिहायची पद्धत असते. माझं मन होतं तेवढंच आहे.

मी मखमलाबादची. घरची फुलशेती. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे फुलबाजारात जाणाऱ्या आईच्या टेम्पोत बसून मी कॉलेजला जायचे. भाषांचा नाद होता, म्हणून पुण्याला राहून चिनी शिकले. घरात सगळे हसले. पण अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यानं चिनी यंत्रं मागवली, त्यांना दुभाष्या हवा होता आणि माझी भाकरी सुरू झाली. त्याच कारखान्यानं मला काही महिन्यांसाठी चीनमध्ये दालियानला पाठवलं. ते समुद्रकाठचं, जहाजं बांधणारं शहर आहे.

तिथं माझ्या खोलीपासून जवळच एक पूल होता. त्यावर उभं राहिलं की खाली गोदीत परांच्यांनी वेढलेलं एक प्रचंड जहाज दिसायचं. चीननं पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः बांधलेलं पहिलं विमानवाहू जहाज. पुलावर म्हातारी माणसं कॅमेरे घेऊन यायची. आमच्याकडे लोक धरणाचं पाणी किती चढलं ते बघायला जातात, तशी. त्यातल्या एका आजोबांशी माझी ओळख झाली. ते मला याआधीच्या जहाजाची गोष्ट सांगायचे. परदेशात अर्धवट पडलेला एक जुना सांगाडा यांच्या माणसांनी विकत घेतला, तरंगता जुगारखाना करायचाय असं सांगून. जगानं चेष्टा केली. मग तो सांगाडा याच शहरात ओढत आणला, वर्षानुवर्षं तासला, आणि त्यातून यांचं पहिलं विमानवाहू जहाज उभं राहिलं.

"आमच्यात म्हणतात," आजोबा म्हणाले, "सूड घ्यायला दहा वर्षं लागली तरी उशीर झाला असं नाही."

मला ते तेव्हा नुसतंच छान वाटलं.

परत आल्यावर त्या जहाजांनी माझी पाठ सोडली नाही. नोकरीनंतर मी चिनी मासिकं वाचत बसायचे. पोलाद कुठलं, डेक कसा, पुढचं जहाज कुठल्या गोदीत. एका कार्यक्रमात सरांची ओळख झाली. सर म्हणजे नौदलातून निवृत्त झालेले अधिकारी, गंगापूर रोडला बंगला, वर्तमानपत्रात दर आठवड्याला लेख. रुबाबदार माणूस. मी चिनी वाचते म्हटल्यावर त्यांनी मला खुर्ची ओढून दिली.

"बेटा, आपण दोघं मिळून पुस्तक करू," ते म्हणाले. "मराठीत असं काही नाही. तू मूळ मजकूर आण, मी त्याला आकार देतो. कव्हरवर दोघांची नावं."

दोन वर्षांहून जास्त मी त्यांच्यासाठी राबले. मजकूर शोधायचा, मराठीत आणायचा, तळटीपा द्यायच्या. आकार म्हणजे काय ते मला नंतर कळलं. ते प्रत्येक प्रकरणाच्या आधी एक परिच्छेद लिहायचे. त्यात समुद्र गर्जत असायचा. बाकी शब्द न् शब्द माझा. चीन आधी दुसऱ्याचं जहाज उघडून कसा शिकला, मग त्याची नक्कल कशी केली, आणि आता तिसऱ्या जहाजावर विमान गलोलीतून दगड सुटावा तसं वीजशक्तीनं फेकण्याची तयारी कशी चाललीय, हे सगळं मी लिहिलं होतं.

प्रकाशनाला मी आईला घेऊन गेले. आईनं पहाटे उठून स्वतःच्या मळ्यातल्या शेवंतीची वेणी माझ्यासाठी केली होती. पुस्तकावरचं कागदी वेष्टन निघालं. कव्हरवर एकच नाव होतं, सरांचं. मला वाटलं माझं आत असेल. मग सरांनी मला स्टेजवर बोलावलं, हातात गुलाबाचं फूल दिलं आणि माइकवर म्हणाले, "ही आमची टायपिस्ट. फार मेहनती मुलगी आहे."

टाळ्या वाजल्या. मी फूल घेऊन खाली उतरले.

रिक्षात आईनं माझ्या हातातलं फूल घेऊन मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "टायपिस्ट म्हंजी काय गं?"

"दुसऱ्यानं सांगितलेलं मशीनवर छापायचं, ती."

"मग ते पुस्तक त्यानं सांगितलं व्हतं?"

"नाही."

"तो लय मोठा मानूस हाय," ती म्हणाली. "मोठ्या मानसाशी भांडायचं नाय. त्याला त्याच्याच वजनानं पडू द्यायचं."

माझ्या आईला लोक साधी समजतात.

मी भांडले नाही. सरांचा फोन आला की "कारखान्यात फार काम आहे सर" एवढंच म्हणायचे. त्यांना वाटलं मी रुसलेय, येईन परत. तोवर ते मोबाइलवरच्या भाषांतरावर भागवू लागले. ते मला त्यांच्या लेखांवरून कळायचं. जहाजांची नावं बदललेली, वाक्यांना शेंडाबुडखा नाही. मी दर रविवारी तो लेख चहाबरोबर वाचायचे आणि चूक सापडली की मला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू, त्या काळात तेवढंच मला बरं वाटायचं.

मग तिसऱ्या जहाजाच्या चाचण्या सुरू झाल्या. इथं एक शब्द समजून घ्यावा लागेल. चिनीत 'थान-श' म्हणजे झटक्यानं फेकणं. जहाजावरून विमान फेकतात त्यालाही तोच शब्द, आणि विमान कोसळताना वैमानिक खुर्चीसकट बाहेर फेकला जातो त्यालाही तोच. प्रत्यक्षात त्यांनी चाकं लावलेले जड गाडे डेकवरून पाण्यात फेकून बघितले होते. विमान नव्हतं, माणूस नव्हता. चाचणी उत्तम झाली होती.

सरांचा फोन आला. शहरात त्यांचं व्याख्यान ठरलं होतं.

"अगं, हे ऐक. मोबाइल सांगतोय की जहाजावर पुन्हा पुन्हा इजेक्शन झालं आणि वस्तू पाण्यात पडल्या. म्हणजे विमानं कोसळली ना? वैमानिकांनी उड्या मारल्या?"

मी स्वयंपाकघरात उभी होते. एका वाक्यात सांगता आलं असतं.

"तुम्हाला काय वाटतं सर?"

"मला तर तसंच दिसतंय. दडवतायत लेकाचे."

"तुम्ही एवढी वर्षं नौदलात होतात," मी म्हणाले. "मी काय सांगणार?"

ते खूश झाले. मी फोन ठेवला आणि कणीक मळली.

व्याख्यानाला आईला नेलं. तिनं इस्त्रीचं पातळ नेसलं होतं, जणू लग्नाला निघालीय. सभागृह भरलेलं. ओळख करून देणाऱ्यानं सांगितलं की मूळ चिनी साधनं वाचून लिहिणारे मराठीतले हे एकमेव अभ्यासक. सरांनी मान लववली.

सुरुवातीचा अर्धा भाग माझ्या पुस्तकातला होता, म्हणून चांगला झाला. मग सरांनी आवाज खाली आणला. "आता जी गोष्ट सांगतो ती अजून कुणी छापलेली नाही." आणि त्यांनी ती सांगितली. नव्या जहाजावरून उडालेली विमानं एकामागून एक समुद्रात कोसळली. वैमानिक हवाई छत्रीला लटकत खाली आले. "असं आहे यांचं आरमार," ते म्हणाले. लोकांनी बाकं वाजवली. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ तर उभेच राहिले.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी हात वर केला. सरांना मी दिसले आणि ते हसले. "ही आमची टायपिस्ट. विचार बेटा."

"सर, विमानं पडली नाहीत," मी म्हणाले. "ते रिकामे गाडे होते. चाचणी यशस्वी झाली. शब्दाचा अर्थ चुकलाय."

मला वाटलं होतं लोक सरांकडे वळतील. ते माझ्याकडे वळले. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?" उभे राहिलेले गृहस्थ म्हणाले, "चीनचं कौतुक ऐकायला नाही आलो आम्ही." सर दोन्ही हात वर करून सगळ्यांना शांत करत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल दया होती. ती दया बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी रांगेतून बाहेर आले आणि स्टेजपाशी गेले. चाचणीची बातमी आलेलं चिनी मासिक मी पर्समध्ये घालूनच आणलं होतं. ती बातमी असलेलं पान उघडून मी सरांपुढे ठेवलं.

"मी चुकले असेन," माइकमधून सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणाले. "सर मूळ चिनी वाचतात, आत्ताच सांगितलं. सर, एवढी एकच ओळ वाचून दाखवा. मग मी सगळ्यांची माफी मागते."

सरांनी पानाकडे बघितलं. मग म्हणाले, "चष्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीनं लटकत होता. सगळ्या सभागृहाला दिसत होता. आधी मागच्या बाजूला एक बाई हसली, मग हसू पुढे पुढे सरकत आलं. सरांचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथंच थांबला, कारण चष्मा लावला तर वाचावं लागणार होतं. एक तरुण पत्रकार म्हणाला, "सर, भाषांतरं मग कोण करायचं?"

सरांनी मासिक मिटलं. उत्तर मी दिलं. "मी करायचे."

अध्यक्षांनी घाईघाईनं आभार मानले. बाहेर पडताना ते उभे राहिलेले गृहस्थ मला अडवून म्हणाले, "तुमचं खरं असेलही, पण असं चारचौघांत?" मी म्हणाले, "काका, टायपिस्ट मला चारचौघांतच केलं होतं." आणि एक सांगायचं राहिलं ते घरी आल्यावर सुचलं. समोरचा गडी बुडतोय असं ऐकून टाळ्या वाजवणाऱ्याला आपली होडी नीट करायची गरज वाटत नाही. ते जहाज बुडत नव्हतं. त्यांनी धीर धरून, लोकांचं हसू गिळून ते बांधलं होतं, आणि आपल्याला आपली जहाजं बांधायची असतील तर हे ठाऊक असलेलं बरं.

आई मात्र रिक्षात नुसती हसत होती. "गळ्यातच व्हता गं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

सरांनी पुढच्या लेखात परक्या भाषा शिकून देश विसरलेल्यांवर लिहिलं. नंतर ते सदर बंद झालं. संपादकांचा मला फोन आला, आणि त्या जागेवर आता मी लिहिते. जागा तीच मिळावी असं मी स्वतःहून मागितलं होतं.

परवा सरांच्या मिसेसचा फोन आला. "यांना बरं नसतं हल्ली. तुमची आठवण काढतात. एकदा येऊन जा."

मी गेले. मला बघायचंच होतं. सर खुर्चीत बसलेले, पायांवर शाल. वाळले होते. काकूंनी चहा आणि चिवडा ठेवला. मला वाटलं, माफी मागतील. मागितली असती तर काय केलं असतं, ते मला माहीत नाही. पण ते पुढे वाकले आणि जुन्याच अधीर आवाजात म्हणाले, "अगं, ते चौथं जहाज. अणुऊर्जेवर चालणारं असेल म्हणतात. तुझ्याकडे काही आलंय का?"

आलं होतं. घरी टेबलावर पडलं होतं, निम्मं भाषांतरही झालं होतं. त्यांचे डोळे चमकत होते. या माणसाला त्या जहाजांचं खरंच वेड होतं, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मी चहा संपवला, कप बशीत ठेवला.

"रविवारी छापून येईल, सर," मी म्हणाले. "माझ्या नावानं असेल. वाचा."

आणि काकूंना नमस्कार करून निघाले.