मधुकाकांचा माइक बंद होता

इथे लोक आपापले अनुभव लिहितात ते मी वाचतो, पण खरं सांगू... बहुतेक वेळा मनातल्या मनात हसतो. मी वायरमन. मुरबाड तालुक्यात धसईजवळ आमचं गाव. दिवा आपोआप लागला असं कोणी सांगितलं तर मी हात जोडत नाही, आधी बोर्ड उघडतो. तरीही हे लिहितोय, कारण यातली वायर मी स्वतः तपासली होती.

नव्वदच्या दशकात, साधारण मध्यावर, आमची बेंजो पार्टी होती. लग्नं, हळदी, साखरपुडे. मी बेंजो वाजवायचो आणि गायचो, डोळखांबकडच्या पाड्यावरचा किसन ढोलकीवर, आणि माझी मोठी बहीण सिंधूताई मागे कोरसला. ताईला शहापूरजवळच दिलेली. तिच्याच ओळखीने आम्ही मधुकाकांकडे गेलो. शहापुरात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं कॅसेटचं दुकान आणि दुकानामागे रेकॉर्डिंगची खोली. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मध्ये काच. पलीकडे काका आणि त्यांचं मशीन, अलीकडे आम्ही, कानाला हेडफोन. काकांसमोर एक छोटा माइक असायचा. त्याचं बटण दाबून ते बोलले की आवाज फक्त आमच्या हेडफोनमध्ये यायचा, टेपवर नाही.

पहिल्या दिवशी आम्ही दहा गाणी घेऊन गेलो. काकांनी शांतपणे ऐकली आणि सहा काढून टाकली. सोबत आणलेला कॅसिओ कीबोर्ड परत घरी न्यायला सांगितला. किसनच्या ढोलकीत एका बाजूला रुमाल दाबला. मग मला म्हणाले, "तू नुसता बेंजो वाजव. गाणार ही."

ताई घाबरलीच. "मी? नाय ओ काका, मी मागं बरी आहे."

"मागं आहेस म्हणून तर कोणाला ऐकू येत नाय. बांगड्या काढ आणि ये पुढं."

दोन कॅसेटी निघाल्या. मुरबाड-शहापूर दोन्ही तालुक्यांत हळद लागली की त्याच वाजायच्या. बायका मांडवात विचारायच्या, यातली सिंधूताई कोणती? मी बेंजो गुंडाळत ऐकायचो. गाणी माझी, चाली माझ्या आणि नाव तिचं... त्याहून जास्त राग काकांचा यायचा. किसनला म्हणालो, "काचेमागं बसून बटणं तर दाबतो तो माणूस. त्यात काय मोठं? गाणी आपलीच ना?"

तिसऱ्या कॅसेटला मी ताईला बोलावलंच नाही. किसनला घेऊन कल्याणला गेलो, मोठा एसी स्टुडिओ. दहाच्या दहा गाणी मीच गायली, कॅसिओ लावला, आवाजाला हवा तेवढा एको घेतला. आम्हाला कोणी अडवलं नाही, कोणी काही काढून टाकलं नाही. लग्नात लाउडस्पीकरचा टेम्पोवाला आमची कॅसेट लावायचा आणि दुसऱ्या गाण्यानंतर काढून जुनी घालायचा. हे मी तिथे उभं राहून बघितलंय.

त्याच सुमारास काकांना घशाचा आजार निघाला. ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. ते पाटीवर लिहून बोलायचे. ताई दर शनिवारी नाचणीची आंबील घेऊन जायची. मी एकदाही गेलो नाही. शहापुरात वायरिंगची कामं असायची, पण त्या गल्लीचं तोंड आलं की मी सायकल दुसरीकडे वळवायचो. काय तोंड दाखवू, असं वाटायचं. तसेच काका गेले.

वर्षभराने काकींनी ताईकडे निरोप दिला. मशीन आता देऊन टाकायचं होतं, त्याआधी एकदा गाऊन जा म्हणाल्या. ताई मला आणि किसनला अक्षरशः ओढून घेऊन गेली. एप्रिलची दुपार. तीनला लाइट जाणार म्हणून दीडलाच सुरुवात केली. आवाज टेपवर येतो म्हणून पंखा बंद. मशीनवर स्वतः काकी — इतकी वर्षं बघून त्यांना सगळं येत होतं. त्या हात वर करायच्या आणि आम्ही सुरू करायचो.

गाणं मी नवीन बांधलेलं. लेक सासरी गेल्यावर आई ओटा सारवायला घेते, एवढंच त्यात होतं. दुसरं कडवं मी गाणार, हे मी हट्टाने ठरवून घेतलं होतं. पहिलं कडवं ताईने गायलं. मी तोंड उघडलं आणि हेडफोनमध्ये आवाज आला.

"तू नको. वाजव."

काका. ऑपरेशनच्या आधीचा आवाज, तोच जरा नाकात बोलणारा. मला वाटलं काकींनी चुकून जुनी टेप लावली. काचेतून बघितलं तर काकींचे दोन्ही हात मांडीवर. मी तोंड मिटलं आणि नुसता वाजवत राहिलो. ताईने मात्र न थांबता ते कडवंही उचललं.

शेवटच्या ओळीआधी परत — "इथं हात काढ."

मी हात काढला. त्याच क्षणी किसनची ढोलकी थांबली. ताईही थांबली. खोलीत फक्त आमचे श्वास... मग तिने ती ओळ एकटीने म्हटली, ठेक्याशिवाय. यातलं काहीच आम्ही ठरवलेलं नव्हतं.

काकींनी मशीन बंद केलं. किसनचा चेहरा राखेसारखा झालेला.

"भाऊ, तुला कोनी सांगलं थांबायला?"

"तुला कोणी सांगितलं?"

"काकांनी," म्हणाला, आणि बाहेर जाऊन गटाराशी ओकला.

मी सरळ काचेपलीकडे गेलो आणि माइक शोधायला लागलो. काकी म्हणाल्या, "तो कुठं आता? आवाज गेला तेव्हा त्यांनीच काढला. पाटीवर लिहिलं, बोलायचंच नाय तर अडगळ कशाला." मी टेबलाखाली शिरलो. वायरचं टोक कापलेलं, त्यावर काळी टेप गुंडाळलेली आणि टेपवर धुळीचा थर. हेडफोनसुद्धा खोलून बघितले. मग कॅसेट तीनदा ऐकली. गाण्याशिवाय एक शब्द नाही. आणि गाणं... तेवढं चांगलं आम्ही त्याआधी कधी वाजवलं नव्हतं.

ताई अजून हेडफोन हातात धरून उभी होती. "काय म्हणाले काका?" तिने विचारलं. मी सांगितलं.

"मला कायच ऐकू आलं नाय," ती म्हणाली. "सगळा वेळ मी कान लावून होते रे. वाटलं, एखादा शब्द तरी बोलतील. तुमच्याशी बोलले... माझ्याशी का नाय?"

"ताई, तुला सांगावं लागलंच नाय. आमाला सांगून थांबवलं, तू आपली आपण थांबलीस."

"दर शनवारी मी गेले," ती एवढंच म्हणाली.

काका आपल्यावर रागावून गेले असं तिने मनात घेतलं ते घेतलंच. ती परत गायली नाही. किसनने ढोलकी सोडली. ते गाणं एका कॅसेटमध्ये निघालं, खूप वाजलं. लग्नात ते लागलं की ताई उठून मांडवाबाहेर जायची.

पुढे सात-आठ वर्षांनी तिला काविळीने धरलं. दवाखान्यात मी बाजूला बसलो होतो. तिने माझं मनगट धरलं. "खरं सांग रे. माझं नाव घेतलं असंल त्यांनी. तू विसरला असशील."

मी म्हणालो, "नाय गो ताई. तेवढंच बोलले."

तिने हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवसांनी गेली.

तो आवाज कुठून आला, मला आजही माहीत नाही. कोणाला कळलं तर सांगा. पण "हो, घेतलं तुझं नाव" एवढं खोटं त्या दिवशी माझ्या तोंडून का निघालं नाही, तेही मला आजपर्यंत कळलेलं नाही.