कमलची रस्त्याकडची खिडकी

कमल गेल्याचं तिच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी चहा गाळत होते. गाळणी तशीच हातात राहिली. पन्नास वर्षांची मैत्रीण… आता भांडायचं कुणाशी, हेच पहिल्यांदा मनात आलं.

बहात्तर सालच्या आसपास आम्ही दोघी पारनेर तालुक्यातल्या आमच्याच गावच्या शाळेत शिकवत होतो. मी सरपंचांची पुतणी. कमल बौद्धवस्तीतली पहिली मास्तरीण. गावाला पोस्ट मिळणार होतं, जागा मात्र गावानं द्यायची होती. सरपंच, म्हणजे माझे चुलते अण्णा, यांनी देवळाच्या आवारातली रिकामी खोली देऊ केली. खोलीचं दार आवारात उघडायचं, आणि त्या आवारात कमलच्या वस्तीला पाऊल टाकू देत नसत. हे कुणी बोललं नाही, मीही नाही. उलट मोठ्या मनानं तिला म्हणाले, "तुमची पत्रं मी आणून देत जाईन की."

"किती दिवस आणशील?" ती म्हणाली. "दादाचं पत्र आईला स्वतःच्या हातानं घ्यायचंय."

मला राग आला. लाज वाटायला बरीच वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली, ती काड्यापेटीचा रिकामा खण घेऊनच. त्यात माती दाबून तिनं एक इवलीशी वीट पाडून दाखवली. उन्हाळ्याची सुटी होती, प्यायच्या पाण्याचेच वांधे होते. भांडी विसळलेल्या पाण्यात माती कालवून आम्ही तिच्या अंगणात ओळीनं विटा वाळत घातल्या. जागा बघायला येणाऱ्या साहेबांना दाखवायला कमलला त्याच खोलीतल्या पोस्टाचा छोटा नमुना करायचा होता, फक्त रस्त्याकडच्या भिंतीला एक खिडकी जास्त. चिखलानं विटा सांधत भिंती उभ्या राहिल्या आणि घोटाळा लक्षात आला. खिडकीतून खरं पोस्टकार्ड आत गेलं पाहिजे, हा तिचा हट्ट. त्यामुळे खिडकी दारापेक्षा मोठी झाली होती! मी हसून लोटपोट. म्हटलं, "अगं, कागदाचं छोटं कार्ड कापू."

"खिडकी लहान करायची नाही. घर मोठं करू."

तिनं सगळं पाडलं. पुन्हा माती, पुन्हा विटा. माझी नखं महिनाभर काळी होती. दुसरं पोस्ट एवढं झालं, की ते फळीवर ठेवून दोघींनी उचलून न्यावं लागलं.

नगरहून पोस्टाचे साहेब आले, त्या दिवशी आम्ही ते चावडीसमोर रस्त्याच्या कडेला ठेवलं. साहेबांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं. छप्पर उचललं तर आत टेबल, शिक्क्याची पेटी, पत्रांचे कप्पे, सगळं होतं.

"हे छान आहे. पण लोकांनी आत यायचं कुठून?"

"आत यायची गरजच नाही, साहेब," कमल म्हणाली आणि तिनं खिडकीतून एक कार्ड आत सरकवलं. त्यावर तिच्या आईचं नाव आणि वस्तीचा पत्ता होता. साहेबांनी ते वाचलं. मग देवळाकडे बघितलं, मग अण्णांकडे.

"सरपंच, रस्त्याकडच्या भिंतीला खिडकी पाडता येईल?"

अण्णांना नाही म्हणायचं होतं. मी त्यांची पुतणी, मला कळत होतं. पण कारण काय सांगणार? ते साहेबांसमोर तोंडातून काढायचं म्हणजे… अण्णांनी टोपी सारखी केली. "पाडू की. भित काय सोन्याची हाय व्हय?"

खिडकी झाली. वर्षानुवर्षं सगळं गाव तिथं एका रांगेत उभं राहिलं. थोडी कुरकुर झाली, मग तीही थांबली.

कमलच्या जलदानविधीला गावी गेले, तेव्हा परतताना तिकडे वळले. पोस्ट कधीच नव्या जागेत गेलंय, खोलीत मांडवाचं सामान आहे. मी त्या पोस्टात शेकडो वेळा गेले असेन, पण रांग टाळून आवारातल्या दारानं, आपल्या घरच्यासारखी. त्या दिवशी पहिल्यांदाच रस्त्यावर, खिडकीशी उभी राहिले. गवंड्याला खिडकीची उंची दाखवायला कमलनं आपल्या आईला भिंतीशी उभं केलं होतं, म्हणे. आई ठेंगणी होती. आत बघायला मला वाकावं लागलं.