तिचं माहेरचं नाव

ज्या दोरीवर चाळीस वर्षं माझी जाळी वाळली, त्या दोरीवर मार्गशीर्षाच्या कोवळ्या उन्हात दोन पांढरेशुभ्र सदरे हलत होते, आणि अंगणातला मासळीचा जुना वास साबणाच्या परक्या वासापुढे गप्प बसला होता. पलीकडच्या शेतांच्या बांध्यांमध्ये कापलेलं धान पडलं होतं, त्याचा ओलसर गोड दरवळ धुक्यातून येत होता, आणि मी ओसरीवर बसून विचार करत होतो की हे सदरे पाहून यशोदा काय म्हणाली असती. काही म्हणाली नसती. हसली असती. पोळ्यानंतर आठ दिवसांच्या तापात माझी बायको गेली, तेव्हापासून या घरात तोंड उघडायला कारणच उरलं नव्हतं; म्हणून नागभीडातल्या आमच्या घराची समोरची खोली मी त्या दोघांना भाड्यानं दिली.

ते मॉर्मन पंथाचे धर्मप्रचारक होते. ख्रिस्तीच, पण ख्रिस्त्यांतही निराळे. कुठेही गेले तरी जोडीनं जायचं, एकानं दुसऱ्याला सोडायचं नाही, असा त्यांचा नियम. थोरला मोजकं बोलणारा. धाकटा विशीतला, गोदावरीकाठच्या आंध्रातला, या मुलखात अगदी नवा. खिशावर काळी पट्टी, पट्टीवर नुसतं आडनाव आणि त्याआधी ‘एल्डर’. त्याचा अर्थ वडीलधारा, असं त्यानं सांगितलं तेव्हा मी म्हणालो, “तू वडील, त मंग मी कोन रे? मी त आतापर्यंत मेलोच पायजे होतो.” पोरगा कानापर्यंत लाल झाला.

पहिल्या दिवशी मी चहा ठेवला, तर त्यानं हात जोडले. त्यांच्यात चहा चालत नाही. दुःखाच्या घरचा चहा परत करणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. रागानं मी दोन्ही कप मोरीत ओतले. आणि त्याच संध्याकाळी, दिवेलागणीच्या तांबूस उजेडात पाहतो तर हा पोरगा मी वाढलेल्या सुकटीच्या वासानं डोळ्यांत पाणी आणून, तरीही भात कालवून मुकाट गिळतो आहे. राग धरावा की सोडावा, ते कळेना.

दिवसभर दोघं सायकलींवर गावोगाव फिरत. लोक पाणी देत, ऐकून घेत, आणि वाटेला लावत. परत आल्यावर धाकटा वही उघडून माझ्याकडून मराठी शिके. मी ‘मले’ म्हटलं की तो थांबे. “बाबा, पुस्तकात ‘मला’ आहे.”

“पुस्तकातले लोक इथी राह्यत नाई,” मी म्हणे.

वर्षातून दोनदाच त्याला घरी फोन करता येई. आई त्याला चिन्ना, म्हणजे लहानगा, म्हणते, असं त्यानं एकदा सांगितलं. आणि या कामाची दोन वर्षं संपेपर्यंत त्या नावानं त्याला कुणी हाक मारणार नाही, हेही सांगितलं. सांगताना हसत होता, पण नजर माझ्यावर नव्हती.

एका दुपारी त्यानं माझ्यापुढे एक कागद पसरला. त्यावर झाडाच्या फांद्यांसारखे चौकोन होते, एकेका चौकोनात एकेक माणूस. मेलेल्या माणसाच्या नावानं त्यांच्या मंदिरात विधी होतो, जिवंत माणूस त्याच्या जागी उभा राहतो, आणि मग नवरा-बायकोचं नातं मरणापाशी तुटत नाही, असं त्यानं समजावलं. लगेच काही होत नाही, तुम्हालाही आधी आमच्यात यावं लागेल, हेही त्यानं लपवलं नाही. मी पावसाळ्याआधी तलावाला नारळ देणारा माणूस, मला धर्म बदलायचा नव्हता, आणि तसं मी तोंडावर सांगितलंही. पण मला ती परत पाहिजे होती. कोणाच्या देवाच्या हातून मिळते, याच्याशी मला घेणं नव्हतं.

“पन तिले इचारते का कोनी?” मी विचारलं.

“हो बाबा. मेल्यावरही मान्य करायचं की नाही, ते त्याच ठरवतात. जबरदस्ती नाही.”

तिला तिच्या आयुष्यात कुणी काही विचारलं होतं, असं मला आठवेना. मग म्हणालो, “लिव्ह. यशोदा.”

त्यानं पेन उचलला आणि थांबला. “हे सासरचं नाव का? इथे बापाच्या घरचं पाहिजे.”

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवरीचं नवं नाव काढतात. आईनं सांगितलेली अक्षरं मी गिरवली होती. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, अक्षर वाकडं येऊ नये एवढीच चिंता होती. समोर खाली मान घालून बसलेल्या सोळा वर्षांच्या पोरीचं त्या घडीला काय पुसलं जातंय, याच्याकडे माझं लक्ष नव्हतं. चाळीस वर्षं मी तिच्या हातचं जेवलो आणि तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. विशीतल्या पोरापुढे मी म्हातारा मान खाली घालून बसलो.

तिच्या माहेरी आता एकटी भावजयच उरली होती. आरमोरी, गडचिरोली करत मी एसटीनं मार्कंड्याच्या अलीकडे उतरलो. वैनगंगेची वाळू दुपारच्या उन्हात पांढरी पडली होती, पाणी मधोमध बारीक धारेसारखं चमकत होतं, आणि भावजय अंगणात मोहाची जुनी फुलं निवडत बसली होती.

“तिचं नाव इचाराले आले, जवाईबापू?” तिनं मान वर केली नाही. “जित्तेपनी नाई सुचलं?”

“नाई सुचलं, बाई.”

तिनं सूप खाली ठेवलं. “बुधी. बुधवारची झाली म्हनून बुधी. भाऊ तिचा घाटावरून हाक मारे, त हे नदीच्या पल्याडून धावत ये.”

परतीच्या वाटेवर मी ते नाव मनात म्हणत राहिलो, आणि दर वेळी दुसऱ्याच कुणाच्या लेकीला हाक मारल्यासारखं वाटलं. पोरानं विचारलं तर म्हटलं, उद्या सांगतो. असे कितीतरी उद्या गेले. मग त्याची बदली आली. दर दोन-तीन महिन्यांनी बिऱ्हाड उचलायचं, नव्या गावी, नव्या जोडीदाराबरोबर, हाही त्यांचा नियमच. तोवर सुकट त्याला गोड लागू लागली होती, आणि ‘मले’ही तोंडात बसलं होतं.

स्टेशनवर नागपूरची छोटी गाडी उभी होती. त्याला नागपूरपर्यंत सोडायला निघालेला थोरला सामान चढवत होता, आणि तेव्हा, घाईघाईत, मी तिचं माहेरचं नाव सांगून टाकलं. पोरानं कागद गुडघ्यावर ठेवला, नाव लिहिलं, मला वाचून दाखवलं, आणि पाया पडला. डब्याकडे चालू लागला तेव्हा काय झालं कोण जाणे, मी मागून हाक मारली, “चिन्ना!”

त्याची मान एवढ्या झटक्यात वळली की हातातली पिशवी पडली. विचार करायला त्याला वेळच लागला नाही.

गाडी गेली, आणि फलाटावरच्या उन्हात मला आमच्या लग्नाचं पहिलं वर्ष दिसू लागलं. तलावाच्या पाळीवरून मी ‘यशोदा’ म्हणून ओरडत असे, आणि ती पाठमोरी भांडी घासतच राही. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसऱ्या हाकेला दचकून उठे. सून बहिरी आहे, असं आई शेजारणींना सांगे. एकदा मी रागानं ओलं जाळं तिच्या पाठीवर फेकलं होतं. ती बहिरी नव्हती. पुढे चाळीस वर्षं माझी कुजबूजही तिला ऐकू येत होती.

त्या कागदावरच्या नावानं तिला कुणी बोलावलं तर ती पहिल्याच हाकेला वळेल, नदीच्या पल्याडून धावत येईल, एवढं मला आता पक्कं वाटतं. पण जी धावत येईल ती बुधी असेल, आणि बुधीनं मला कधी पाहिलेलं नाही. तिथे तिला विचारतात म्हणे. ती काय म्हणेल, मला सांगता येत नाही.