करंजाची रोपं बोडकी कोणी केली?

मंडळी, डोकं अजून सुन्न आहे.

आज केळापूरजवळच्या एका गावात गेलतो. तिथल्या सामूहिक जंगलात आमच्या संस्थेनं गावासोबत कडुनिंब अन् करंज लावले होते. रोपं जगावी म्हणून ग्रामसभेनं तिथं बकऱ्यांना बंदी केली होती. जाऊन पाहतो तर एकाही रोपाला पान नाही! नुसत्या काड्या उभ्या.

तडक गावात आलो अन् बकऱ्या पाळणाऱ्या काकांवर भडकलो. ते म्हणाले, "बंदी झाली तवापासून बकऱ्या घरीच बांधून हायेत. मले कायले बोलून राह्यले?"

तेवढ्यात बचत गटाच्या शांताबाई हसत म्हणाल्या, "पाला आम्ही तोडला, भाऊ. कपाशीवरच्या किडीसाठी फवाराले कडुनिंब, करंज अशा दहा पाल्यांचा दशपर्णी अर्क करून राह्यलो ना! तुमच्या जोडीच्या संस्थेनंच शिकवलं." मागं ड्रमात पाला कुजत होता.

जोडीची संस्था म्हणजे नैसर्गिक शेतीवाली. आम्ही दर महिन्याला एकत्र बसतो, एकाच बॅनरखाली फोटो काढतो. पाला कुठून आणायचा, हे त्यांनी सांगितलं नाही अन् आम्हीही कधी विचारलं नाही.

काकांच्या बकऱ्या अजून खुंट्यालाच आहेत. तुम्हीच सांगा, बांधून कोणाला ठेवायला पाहिजे होतं?